पांढऱ्या पक्ष्याची पंगत

मुहूर्त कुणासाठी थांबत नाही, आणि सदलग्यांच्या घरात थोरल्या सुनेसाठी थांबा असं मुहूर्ताला कुणी म्हणतही नाही. हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं पातेलं दोन पायांच्या मध्ये धरून संध्या टेम्पोत हेब्बाळच्या पुलाखाली अडकली होती, तेव्हाच तिला कळून चुकलं होतं, की देवनहळ्ळीतल्या नव्या घरात वास्तूच्या पूजेच्या पाटावर आता धाकटा दीर गुंडू आणि त्याची बायको प्रणिता बसणार.

बसायला हवं होतं थोरल्यानं. पण थोरला रत्नाकर बायकोशिवाय बसू शकत नव्हता, आणि बायको बसवनगुडीच्या जुन्या, एकत्र घराच्या स्वयंपाकघरात पहाटेपासून सगळ्या पाहुण्यांचा स्वयंपाक करत होती. म्हणजे ज्या कामामुळं ती पूजेला मुकली ते काम तिलाच लावलेलं. या घरात अन्याय असाच व्हायचा. कोणी करायचं नाही, आपोआप व्हायचा.

फोन वाजला. लेक आर्या.

"आई, कुठं आहेस तू? काका बसले पाटावर."

"बसू दे."

"बसू दे काय? बाबा नुसते कोपऱ्यात उभे आहेत. मी बोलू का?"

"आत्ता नको. पूजेत भांडण नको. तू आत्यांकडं बघ, त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नसेल."

राग तिला पाटाचा नव्हताच. पाट काय, लाकडाचा. राग होता तो दुपारच्या गोष्टीचा. जेवणं झाल्यावर गंगव्वा आत्या नव्या घराचं काय करायचं ते सांगणार होत्या. बाप गेल्यावर दोघा भावांना या आत्यानंच वाढवलं होतं. नाव गंगाबाई, पण बसवनगुडीच्या गल्लीनं त्यांची कधीच गंगव्वा करून टाकली होती, आणि अजून त्यांच्या शब्दापुढं कुणाचं चालत नव्हतं. गुंडूनं विमानतळावर काम करणारं एक जोडपं भाडेकरू म्हणून आधीच शोधून ठेवलं होतं. संध्याला मात्र या घरात राहायचं होतं. दोन खोल्या, मागं तिनं वाढवलेली झाडं, आणि चुलीवर फक्त दोन माणसांचा भात. तिनं तीनदा विचारलं होतं. शेवटचं दिवाळीत. तेव्हा गुंडू म्हणाला होता, "एकटी तिथं काय करशील वैनी? आणि इथं जेवणाचं काय?" त्यातला दुसरा प्रश्न खरा होता. पहिला नुसता त्याच्यावर घातलेला टॉवेल.

आज भाडेकरू ठरला की संपलं. मग मरेपर्यंत बसवनगुडी.

टेम्पो पोचला तेव्हा आरती होऊन गेली होती. पुढच्या दाराला गाड्या लागल्या होत्या, म्हणून ड्रायव्हरनं मागच्या दाराशीच भांडी उतरवली. प्रणिता नव्या इरकलीत, कपाळावर पूजेचं ताजं कुंकू घेऊन दारात आली.

"आलात वैनी? किती उशीर! भटजी खोळंबलेत, त्यांना पुढं यलहंकाला जायचंय."

"पुलाखाली अडकलो होतो. पानं आली काय मार्केटमधनं?"

"सगळं झालंय, ह्यांनी केलंय सगळं. पानं मांडलीत, माणसं बसलीत. तुम्ही आधी मीठ वाढा, मी कोसंबरी घेते."

"आणि आत्या?"

"त्यांना शेजारच्या शिवकुमारांकडनं उप्पीट आलं ते दिलं. पानावरच दिलं, साखर खाली जायला लागली होती. खाऊन बसल्यात बघा निवांत."

संध्यानं हात धुतले, पदर खोचला आणि मिठाची वाटी घेऊन पंगतीत शिरली. भिंतीला टेकून रत्नाकर, त्याच्याशेजारी गुंडू सोवळ्यात उघडा, मग भटजी, मग गुंडूचा मुलगा ध्रुव, शिवकुमार आणि शेजारपाजारचे काही. ती पहिल्या पानाशी वाकली, डाव्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ ठेवलं, आणि तिचा हात तिथंच राहिला.

केळीचं पान मऊ असतं. त्यावर बोट फिरवलं तर खालच्या फरशीचा गारवा लागावा इतकं पातळ. हे पान जाड होतं, चामड्यासारखं, राखाडी झाक असलेलं. दर रविवारी ती इथं बसनं यायची आणि ओल्या फडक्यानं ही पानं पुसायची. विमानतळाच्या रस्त्याची धूळ त्यावर बसते म्हणून. हे पान तिच्या ओळखीचं होतं. एकेका डागासकट.

हे केळीचं नव्हतं. हे तिच्या पांढऱ्या पक्ष्याचं होतं.

लालबागच्या फुलांच्या प्रदर्शनातून आर्या शाळेत असताना तिनं ते वीतभर रोप आणलं होतं. आफ्रिकेकडचं झाड, केळीसारखं वाढतं, नर्सरीवाला म्हणाला होता. पण पानं केळीसारखी चहूकडून येत नाहीत, मोराच्या पिसाऱ्यासारखी दोनच बाजूंना येतात. आणि वर्षानुवर्षं वाट बघायला लावून मग फुलतं, ते फूल म्हणजे हुबेहूब पक्षी. निळीकाळी चोच, डोक्यावर पांढरा तुरा, मधून निळी जीभ. "बी मात्र पोटात जाऊ देऊ नका, उलट्या होतील," असंही तो म्हणाला होता. पानांचं काही बोलला नव्हता. बोलला होता का? संध्याला आठवेना. गाईला घालू नका म्हणाला होता, ते पानांचंच की.

आणि आत्यांनी या पानावर गरम उप्पीट खाल्लं होतं. ऐंशीला आलेल्या, साखरेच्या बाईनं.

मिठाची वाटी हातात घेऊन ती क्षणभर तशीच वाकून राहिली. बोललं तर काय होणार ते तिला पाठ होतं. पानावर बसलेल्या माणसाला उठवणं म्हणजे सदलग्यांच्या घरात प्रेताच्या तोंडातलं पाणी काढण्याएवढं पाप. आणि तेही वास्तूच्या दिवशी. आत्या तिला या जन्मात हे घर देणार नाहीत. गप्प राहिलं तर? कदाचित काहीच होणार नाही. कदाचित. तिच्यासमोर भाताची मूद घेऊन आर्या उभी होती.

"उठा," संध्या म्हणाली.

कुणाला ऐकूच गेलं नाही. तीसेक वर्षांत तिचा आवाज पंगतीत फक्त "अजून वाढू काय?" एवढ्यापुरताच निघाला होता.

"उठा म्हणते ना! कोणी घास घेऊ नका. ही केळीची पानं नाहीत!"

आता ऐकू गेलं. भटजींनी चित्राहुतीसाठी ओंजळीत घेतलेलं पाणी तसंच बोटांतून गळू दिलं.

"वैनी!" गुंडू ओरडला. "डोकं फिरलं काय? पानावरनं उठवतेस माणसांना? आज?"

"कुठनं आणलीस ही पानं?"

"कुठनं म्हणजे? मागच्या दारातनं! मार्केटला कोण जाणार सकाळी त्या गर्दीत? घरची केळ असताना विकतचं कशाला? बुंध्याशी फुटलेली चार पिल्लं तोडून खांब बांधले, पानं काढली. हे कापायला दम लागतो दम. कोयता दोनदा उसळला हातातनं. देवनहळ्ळीची माती बघा किती कसदार, म्हटलं केळसुद्धा लाकडासारखी टणक!"

"लाकडासारखी नाही, लाकूडच आहे ते! फुलाचं झाड आहे ते, गुंडू. परदेशी. माझं."

"तुझं कधी झालं?"

"लावल्यापासनं."

ध्रुव खुदकन हसला, आणि बापाची नजर वळताच गप्प झाला. संध्याला एकदम मोठ्यांदा ओरडावंसं वाटलं. इतकी वर्षं ही माणसं महिन्यातून एकदा प्लॉट बघायला यायची, त्या झाडाच्या सावलीत गाडी लावायची, झाडाखाली डबे खायची. आणि एकानं, एकानंही कधी विचारलं नव्हतं, की वैनी, हे काय लावलंयस? केळ असेल तर केळफूल का येत नाही, घड का लागत नाही, इतकासुद्धा प्रश्न कुणाला पडला नव्हता. वैनीनं लावलंय ना, मग खायचंच काहीतरी असणार.

"विषारी आहे काय?" रत्नाकरनं हळूच विचारलं. तेवढ्यानं सगळी पंगत झटक्यात उभी राहिली. धोतराच्या निऱ्या सांभाळत भटजी सगळ्यांत आधी.

"भटजी, तुमच्या लक्षात नाही आलं?" आर्यानं विचारलं. "खांब तर तुम्हीच मंतरलेत."

भटजींनी उपरणं झटकलं. "मला जरा शंका आली होती. पण यजमान केळ म्हणाले. यजमान म्हणतात ती केळ."

"धन्य आहे," आर्या म्हणाली.

संध्या ते ऐकायला थांबली नाही. ती आतल्या खोलीत पळाली. खुर्चीत गंगव्वा आत्या मान छातीवर टाकून बसल्या होत्या. मांडीवर तेच राखाडी पान, उप्पिटाच्या दाण्यासकट चाटून पुसून स्वच्छ.

"आत्या!"

मान हलली नाही.

"आत्या, ओ आत्या!" संध्यानं त्यांचे दोन्ही खांदे धरले. मागून सगळे दारात गर्दी करून उभे. प्रणिता तोंडावर पदर घेऊन "अय्यो, अय्यो" करत होती. आर्या एका हातानं फोन चाळत होती, दुसऱ्या हातानं आत्यांची नाडी शोधत होती. "आई, इथं लिहिलंय बियांनी आणि फुलांनी पोट बिघडतं... पानांचं काही नाही... कुत्र्यामांजरांना त्रास होतो म्हणतात..."

"आत्या कुत्रं नाही ना!" गुंडू खेकसला. मग त्याचाही आवाज बसला. "आत्ये, बघ की गं माझ्याकडं."

गंगव्वांनी एक डोळा उघडला. समोर लागलेली सगळ्यांची रांग पाहिली. मग पोटातून वर आलेली एक लांब, समाधानी ढेकर दिली.

"काय झालं?" त्या म्हणाल्या. "कोण गेलं?"

प्रणितानं तोंडावरचा पदर खाली घेतला.

"मग असं काय बघायलाय माझ्याकडं? जरा डोळा लागला होता. उप्पीट स्वल्प कोरडं होतं. हुग्गी आली की नाही?"

संध्या तिथंच जमिनीवर बसली. तिला हसू येत होतं आणि हसता हसता नाकातून पाणी येत होतं. आर्यानं नर्सरीवाल्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला. तो दुकानातल्या गोंगाटातून कन्नडमध्ये ओरडून म्हणाला, की पानावर खाल्लं तर काही होत नाही, बी चावू नका, आणि फुललंय काय ते आधी सांगा. तेव्हा संध्याला आठवलं. ती उठून मागच्या दारानं पळाली.

मोठं झाड उभं होतं. चारी पिल्लं मुळापासून गेली होती, खालची पानं ओरबाडलेली, बुंध्यातून चिकट रस गळत होता. पण वर, जिथं गुंडूचा हात पोचला नव्हता, तिथं दोन पानांच्या बेचक्यातून निळ्याकाळ्या रंगाची लांब चोच बाहेर आली होती. गेल्या रविवारी ती बंद होती. आज फटीतून पांढऱ्या तुऱ्याचं टोक दिसत होतं.

"हाच का तो?" मागं आर्या उभी होती.

"हाच."

"खरंच पक्षी आहे गं. मला वाटायचं तू उगीच म्हणतेस."

"तुलाही वाटायचं?" संध्या म्हणाली. आर्यानं मान खाली घातली. पण संध्याला आता राग येत नव्हता. आत्या जिवंत होत्या, पक्षी जिवंत होता. एका दिवसाला एवढं पुष्कळ झालं.

आत मात्र काही संपलं नव्हतं. शिवकुमारच्या घरून स्टीलची ताटं आली होती, पंगत पुन्हा मांडली जात होती, आणि आत्या सुखरूप आहेत म्हटल्यावर गुंडूची भीती गेली आणि लाज तेवढी उरली. लाजेचं काय करायचं हे सदलग्यांच्या पुरुषांना कधी शिकवलेलं नव्हतं. ते लाजेलाच रागाचं रूप द्यायचे.

"नुसता तमाशा!" तो ओसरीत येरझारा घालत होता. "काही विष नाही, काही नाही. तरी देवासमोर, ब्राह्मणासमोर, शेजाऱ्यांसमोर भरल्या पानावरनं माणसं उठवली. कुठल्या घरात घडलंय असं?"

"गुंडू, जाऊ दे," रत्नाकर म्हणाला.

"का जाऊ दे? अण्णा, तू कायम जाऊ दे म्हणतोस! झाड लावायचं आणि सांगायचं नाही काय झाड आहे ते. आणि वर मलाच मूर्ख ठरवायचं!"

"कुणी ठरवलं नाही," ध्रुव पुटपुटला. "आपोआप ठरलं."

बस. गुंडू देव्हाऱ्यासमोर गेला. अजून तुळशीपत्रं ओली होती. त्यानं चौरंगावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ज्या बाईनं वास्तूच्या दिवशी पानावरनं माणसं उठवली, तिच्या हातचं मी खाणार नाही. देवाशप्पथ."

प्रणिता नवऱ्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत काहीतरी हिशेब चालू झाला होता, तो फक्त संध्याला दिसला. आणि हिशेबाचं उत्तर प्रणिताला मिळायच्या आत संध्याला मिळालं.

"सरी, तसं तर तसं," ती म्हणाली.

"काय सरी?"

"नको खाऊस. देवासमोर बोललायस, मी मोडायला कशी लावू? मग माझं बसवनगुडीला काय काम? मी इथंच राहते."

"असं कुठं म्हटलं मी!"

"मग कसं म्हटलंस?"

"वैनी, अहो रागात बोलले हे," प्रणिता घाईघाईनं पुढं आली. तिचा आवाज एकदम मऊ झाला होता, नवीन इरकलीसारखा. "तुम्ही मनावर घेऊ नका. तुमच्या हातासारखं सांबार ह्यांना कुणाचं लागत नाही. अहो, सांगा की! नारळ फोडून शपथ सोडवता येते ना भटजी?"

भटजींनी एकदा गुंडूकडं पाहिलं, एकदा हुग्गीच्या पातेल्याकडं. "चौरंगावर हात ठेवून घेतलेली शपथ... जरा अवघड आहे."

यजमान बदलला होता.

सगळ्यांचे डोळे आतल्या खुर्चीकडं वळले. गंगव्वा आत्या बशीतून घोटभर हुग्गी घेत होत्या. त्यांनी सावकाश बशी खाली ठेवली.

"गुंड्या. लहानपणी तू शपथ घेऊन मोडलीस तेव्हा तुझ्या बापानं काय केलं होतं?"

"आत्ये, मी आता लहान नाही."

"म्हणूनच विचारते. आता मोडलीस तर मारायला बाप नाही. मला मारावं लागेल, आणि माझा हात दुखतो." त्या संध्याकडं वळल्या. "राहणार तू इथं? एकटी?"

"राहीन."

"भीती नाही वाटणार?"

"तिथं वाटत होती."

आत्यांनी खांद्यावरचा पदर सारखा केला. त्यांनीही आयुष्यभर दुसऱ्यांची घरं सांभाळली होती, पण तसं त्या कधी बोलल्या नव्हत्या, आजही बोलल्या नाहीत. "भाडेकरूंना नको म्हणून कळव, गुंड्या," एवढंच म्हणाल्या. "आणि आता माणसांना जेवू द्या."

माणसं जेवली. चित्रान्न, वांग्याचं सुकं पळ्या, सांबार, हुग्गी. पातेली तळापर्यंत रिकामी झाली. गुंडू ओसरीच्या पायरीवर शिवकुमारच्या घरचं उरलेलं उप्पीट घेऊन बसला होता. कोरडं होतं, आत्यांनी सांगितलंच होतं. ध्रुव बापासाठी गुपचूप वाटीत सांबार घेऊन गेला, तर त्यानं वाटीकडं पाहिलं, गिळलं आणि मान फिरवली. कौतुक करायचं तर तेवढं करावं, शपथ पाळली त्यानं.

उन्हं कलली तशा गाड्या निघाल्या. आर्याला कोरमंगलाला सकाळी लवकर मीटिंग होती. "शनिवारी येते," म्हणून तिनं आईला घट्ट धरलं. शेवटी रत्नाकर राहिला, किल्ल्या बोटाभोवती फिरवत.

"माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या तिकडं आहेत," तो म्हणाला.

"मग जाऊन घेऊन या."

"आज?"

"आज कशाला? उद्या या, परवा या. पण येताना राहायला या. बघायला म्हणून येऊ नका."

त्यानं बायकोकडं पाहिलं. इतक्या वर्षांत त्याला कुणी दोन पर्याय दिले नव्हते. "बॅग कुठली आणू?" त्यानं विचारलं. संध्याला त्याचं थोडं हसू आलं, थोडी माया आली.

"मोठी," ती म्हणाली.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. डोक्यावरून एक विमान चाकं बाहेर काढून खाली उतरत गेलं. त्याचा आवाज विरला आणि मग खरोखरच कसलाही आवाज राहिला नाही. मागं भांड्यांचा ढीग पडला होता. संध्यानं त्याच्याकडं पाहिलं आणि पाठ फिरवली. ओसरीच्या गार फरशीवर ती आडवी झाली. उजेड असताना. पदर पसरून, पाय लांब करून. असं तिनं शेवटचं कधी केलं होतं ते तिला निपाणीच्या माहेरापर्यंत मागं गेलं तरी आठवेना.

झोप लागत होती तोच फोन वाजला. प्रणिता.

"वैनी, आम्ही आत्ताच पोचलो. हे सकाळपासून नुसत्या घासभर उप्पिटावर आहेत. ते सांबार... म्हणजे मसाल्यात तुम्ही धने आधी भाजता की मिरच्या? आणि चिंच किती?"

पलीकडं गुंडूचा आवाज येत होता. "विचार, विचार, गुळाचंही विचार."

संध्यानं डोळे मिटूनच फोन कानाला धरला होता. धने आधी, मंद आचेवर, मग मिरच्या. चिंच लिंबाएवढी. सगळं तिच्या जिभेवर होतं.

"प्रणिता," ती म्हणाली, "माझ्या हातचं त्याला चालत नाही ना? मग माझ्या मसाल्याचं तरी कसं चालेल गं? देवाशप्पथ आहे ती. मी नाही बाई पापात पडायची."

तिनं फोन बंद केला, उशाला हात घेतला आणि कुशीवर वळली.